शरीराचा जमाखर्च (लेखांक ९) : बारीक अंगातली चरबी

मागच्या आठवड्यात आपण इन्शुलिनपाशी थांबलो होतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ते स्नायूंमध्ये कसं पोचवतं आणि यकृतात चरबी साठली की या कामात खोडा कसा पडतो, हे पाहिलं. त्यावर पुढचा प्रश्न ओघानंच येतो. दुखणं चरबीचं असेल, तर आपल्याकडे अंगानं किरकोळ माणसांना मधुमेह का होतो? तोही ऐन चाळिशीत?

या प्रश्नाचं जगानं मान्य केलेलं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हाच प्रश्न घेऊन कामाला लागले. पाश्चात्त्य पुस्तकांतला मधुमेही वयस्क आणि लठ्ठ होता. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण तरुण आणि सडपातळ होते. हातापायांवर मांस नाही, पोट मात्र थोडं पुढे.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापून आलं. त्यात दोन डॉक्टरांची छायाचित्रं होती, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा होता, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघंही निर्धोक. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के निघालं. उंचीच्या मानानं वजनकाटा दोघांत काहीच फरक दाखवत नव्हता. ते वजन कशाचं, हे सांगणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि चयापचयाच्या दृष्टीनं महत्त्व 'कशाचं' यालाच आहे. इन्शुलिन रक्तातली साखर जिथे पोचवतं, त्यात सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा. स्नायू कमी असले की साखरेला जागा अपुरी पडते. शिवाय कातडीखाली न मावणारी चरबी पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. म्हणून तर आशियाई माणसांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ बीएमआयवर ओढली जाते आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगितलं जातं. टेलरची टेप इथे काट्यापेक्षा जास्त खरं बोलते.

पण ही ठेवण येते कुठून? बैठं काम, वडापाव, गोडधोड ही उत्तरं पटकन सुचतात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत.

१९९३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. त्याची चिकाटी पाहून मला आजही नवल वाटतं. गरोदर बायका दवाखान्यात येण्याची वाट न पाहता, गावातल्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख नोंदवली जाई. त्यामुळे दिवस राहिल्याचं अगदी सुरुवातीला कळे. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. शेतातलं काम, पाणी भरणं, सरपण, धुणं हे गरोदरपणातही चालूच. ज्यांच्यावर कष्टांचा भार जास्त, त्यांची बाळं अधिक लहान. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार असे, त्यांची बाळं थोरली. नुसत्या भाकरीच्या संख्येनं तेवढा फरक पडत नव्हता.

जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळांची मापं घेतली गेली. सरासरी वजन २.७ किलो. तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हे आठशे ग्रॅम कुठून कमी झाले? पोटातल्या अवयवांतून आणि स्नायूंतून. पाठीवर खवाट्याखाली मोजलेली चरबीची जाडी मात्र जवळपास राखलेली होती. म्हणजे याज्ञिकांची ती २१ टक्क्यांची गोष्ट गर्भातच लिहायला सुरुवात होते. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा लहान असूनही आपल्या बाळांमध्ये इन्शुलिन जास्त आढळलं.

त्यानंतर कोणाचीच अपेक्षा नव्हती अशी गोष्ट पुढे आली. या आयांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्यांच्या आईचं फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतलं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांचं शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. ही दोन जीवनसत्त्वं पेशींत जोडीनं काम करतात; एक भरपूर आणि दुसरं नसलं की काम अडतं. याचा अर्थ गरोदर बाईनं फोलिक ॲसिडची गोळी सोडायची असा नाही, ती बाळाच्या मणक्याचे दोष टाळते. उणीव आहे ती गोळीच्या जोडीदाराची, बी-१२ची.

बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात. आपल्यापर्यंत ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येतं. भाकरी, डाळ, भाजीत ते नसतं. अनेक घरांत गोठ्यात गाय असते, पण दूध डेअरीला जातं आणि मागे ठेवलेलं चहात संपतं. त्यातूनही वाटणीला आलंच, तर सून सगळ्यांच्या शेवटी.

इथे आजी-आयांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लहानखुऱ्या बाळाला नंतर खाऊ घालून गुटगुटीत केलं की भरपाई झाली, असं वाटणं साहजिक आहे. पण पुण्यातल्याच आठ वर्षांच्या मुलांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी वजनदार असलेली मुलंच सर्वांत जास्त धोक्यात दिसली. स्नायूंची पायाभरणी पोटात असताना होते. नंतरच्या तुपानं वाढते ती मुख्यतः चरबी.

गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. अंगणवाडीत नाव नोंदवेपर्यंत ते आठवडे बहुधा उलटलेले असतात. म्हणून २०१२ पासून याच गावांतल्या, या अभ्यासातच जन्मलेल्या मुलामुलींना लग्नाच्याही आधी, किशोरवयात बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलींना आणि मुलांनाही, कारण बापाच्या पोषणाचा वाटा फारसा कुणी मोजला नव्हता. गोळीतलं प्रमाण होतं रोज २ मायक्रोग्रॅम, जवळपास माणसाच्या दिवसाच्या गरजेएवढं. पुढे त्या मुली आया झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात बी-१२ वाढलेलं होतं.