हळद उडते, हिरडा टिकतो

तासणे, घासणे, वाकवून तोल पाहणे संपले की हाताने धनुष्य घडवणाऱ्याची पावले हमखास स्वयंपाकघराकडे वळतात. हळद आहे, बीट आहे, चहाचा चोथा आहे. झाडापासून आलेला रंग लाकडात मुरतो आणि कायमचा राहतो, हा त्यामागचा विश्वास. तो निम्मा चुकीचा आहे. हळदीतले कर्क्युमिन उजेडात विरते. म्हणून तर शर्टावरचा वरणाचा डाग उन्हात वाळवल्यावर फिका पडतो. बीटचा रंग त्याहून कच्चा. मीठ टाकले की रंग पक्का होतो, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. लाकडावर रंग धरून ठेवणे मिठाला जमत नाही, उलट ते हवेतली ओल ओढून घेते, आणि धनुष्याला ओल मानवत नाही.

टिकणारा घरगुती रंग बहुधा वरून लावलेला नसतो, तो लाकडातच तयार होतो. काळ्या रंगासाठी काळे काहीतरी उकळायला हवे असे वाटते. प्रत्यक्षात गडद काळा येतो तो जवळपास रंगहीन पाण्यातून. व्हिनेगरमध्ये लोखंडी खिळे काही दिवस बुडवून ठेवले की लोह त्यात उतरते. हे पाणी लाकडातल्या टॅनिनला भिडले की काही मिनिटांत काळपट रंग उमटतो. हिराकस आणि हिरडा किंवा मायफळ यांची जुनी शाई याच क्रियेवर चालायची. कलमकारीतल्या काळ्या रेषाही अशाच येतात: कापडाला आधी हिरडा द्यायचा, मग गूळ आणि भंगार लोखंड आंबवलेल्या पाण्याने रेघ ओढायची. दोन गोष्टी मात्र सांभाळा. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बरणीचे झाकण घट्ट लावू नये. आणि भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी इथे उपयोगाची नाही. ती गंजत नाही तशी व्हिनेगरमध्ये फारशी विरघळतही नाही. गंजके खिळे उत्तम.

हेच पाणी एकाच्या धनुष्यावर काळेभोर उठते आणि दुसऱ्याच्या धनुष्यावर नुसते राखाडी. दोष बरणीचा नसतो. ओकमध्ये टॅनिन भरपूर, मेपल आणि ॲशमध्ये अगदी कमी. अशा फिक्या लाकडाला आधी हिरड्याचा काढा किंवा कडक काळा चहा द्यायचा, वाळवायचे आणि मग लोहाचे पाणी फिरवायचे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात तो औषधासाठी, हे सर्वांना ठाऊक असते. पण कातडी कमावायलाही तो वापरतात, तो याच टॅनिनमुळे. तपकिरी रंग हवा असेल तर खैराचा कात पाण्यात विरघळवून लावला तरी पुरे. अक्रोडाची टरफले उकळत बसू नका. अक्रोडाचा प्रसिद्ध तपकिरी रंग बाहेरच्या हिरव्या गरदार सालीत असतो, आणि ती बाजारात येण्याआधीच काढलेली असते.

बांबूचे गणित वेगळे. भिल्लांच्या तिरकमठ्यात कामठी बांबूची आणि बऱ्याचदा दोरीही बांबूच्याच सालपट्टीची असते. बांबूची बाहेरची साल मेणचट. तिच्यावर पाण्यातला रंग ठरत नाही. तो ठरावा म्हणून साल खरवडली, तर सर्वांत बळकट धागे आपल्याच हाताने काढून टाकल्यासारखे होते. पाठ, म्हणजे नेमाकडची बाजू, तशीच ठेवावी, रंग आतल्या बाजूला द्यावा. विस्तवावर जपून शेकलेला बांबू तर आपोआप तपकिरी होतो.

रंगामुळे धनुष्य कमकुवत होते की बळकट, असा वाद घालणारेही भेटतात. दोन्ही बाजू चुकतात. असा रंग लाकडाच्या वरवरच्या थरातच राहतो. नुकसान करते ते त्यातले पाणी. धनुष्याचे लाकूड साधारण 8 ते 10 टक्के ओलाव्याला चांगले चालते. ते ओलसर असताना दोरी चढवून ओढले, तर बाक कायमचा राहतो आणि बाणाचा वेग उतरतो. म्हणून रंग दिल्यावर धनुष्य सावलीत चांगले वाळेपर्यंत दोरी चढवू नये. पाण्याने लाकडाचे तंतूही उभे राहतात. रंगाआधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, हलका पॉलिश पेपर मारला की ते बसतात. लाकडी धनुष्याच्या पाठीवर हात आणखी हलका हवा: तिथे लाकडाचे एकच वार्षिक कडे टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवलेले असते. ते घासून तुटले की तिथूनच चीर उचलते. रंग सगळ्यात शेवटी द्यावा हे ओघाने आलेच. नाहीतर पुढच्या तासणीत तो निघून जातो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही गैरसमजच. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड आणि मोरचूद विषारी. ज्या मुठीने धनुष्य धरायचे तिथे दोन्ही नकोत.

राहिला पाण्यापासून बचाव. तो रंगाने होत नाही, त्यासाठी वरून लेप लागतो: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, किंवा जवसाचे तेल आणि मेण. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावून उपयोग नाही, ती वाळत नाहीत, चिकट राहून धूळ धरतात. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि तसे होताना उष्णता सोडते. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर काडी न लावताही पेटू शकतात. काम संपल्यावर त्या उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.