दहा विरुद्ध तीन... आणि जिंकले तीन!

सहल कुठे न्यायची यावर वर्गात मतदान झालं. एका बाजूला दहा हात, दुसऱ्या बाजूला तीन. कोण जिंकलं? 'दहा!' असं तुम्ही एका सुरात ओरडाल. पण जगात एक जागा अशी आहे, जिथं तीन जिंकतात. एवढंच काय, एकटासुद्धा जिंकतो!

ती जागा म्हणजे न्यूयॉर्कमधली संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. जगात शांतता राखायचं काम या परिषदेकडे आलं. युद्ध जिंकणाऱ्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत रशिया आणि चीन यांनी तिथं कायमच्या जागा घेतल्या. शिवाय हाती हुकमाचा एक्का ठेवला. त्याचं नाव नकाराधिकार, म्हणजेच व्हेटो. महत्त्वाच्या ठरावाला पाचांपैकी एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी ठराव बारगळतो! आफ्रिका-आशियातले बरेच देश तेव्हा गुलामीत होते. त्यांना विचारतो कोण?

याचा परिणाम काय झाला, ते पाहा. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या लोकांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या. तिथल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न भारतानं १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. पुढे त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, बरं का!

३० ऑक्टोबर १९७४ रोजी दक्षिण आफ्रिकेला संघटनेतून काढण्याचा ठराव सुरक्षा परिषदेत मताला आला. बाजूने दहा, विरुद्ध तीन, दोघे तटस्थ. ते तीन कोण? अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स. या तिघांचा दक्षिण आफ्रिकेशी मोठा व्यापार होता. ठराव पडला!

पण बाकीचे देश गप्प बसले नाहीत. सर्व देशांच्या आमसभेत व्हेटो चालत नाही. तिथं १२ नोव्हेंबरला ९१ विरुद्ध २२ मतांनी दक्षिण आफ्रिकेच्या प्रतिनिधींना त्या अधिवेशनात भाग घ्यायला बंदी झाली. पुढे १९९४ साली तिथं सर्वांना मताचा हक्क मिळाला आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

आज संयुक्त राष्ट्रांत १९३ देश आहेत. कायमच्या जागा मात्र पाचच. आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी एकालाही ती नाही. लोकसंख्येत पहिल्या असलेल्या भारतालाही नाही. मग नियम बदलत का नाहीत? कारण बदलालाही त्याच पाचांची संमती लागते. तिजोरीची किल्ली त्यांच्याच कमरेला! आणि हा एक्का फक्त पाश्चिमात्य देशच टाकतात असं नाही. रशिया आणि चीनही टाकतात.

आता आज रात्री जेवताना आईबाबांना विचारा, 'तुम्ही हा नियम कसा बदलाल?' पण एक अट. घरातल्या सर्वांत धाकट्यालाही एक मत द्यायचं. आणि व्हेटो कुणालाच नाही, बाबांनासुद्धा!