जनरल रजिस्टरची शिस्त आणि संगणकावरील कोष्टके

शाळेचे जनरल रजिस्टर हे कपाटातील सर्वांत जाड आणि सर्वांत कमी वाचले जाणारे पुस्तक असते. विद्यार्थी शाळा सोडतो, वीस-तीस वर्षे लोटतात आणि एके दिवशी त्याच्या मुलीच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्यातील एकच ओळ हवी होते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 हा मानीव दिनांक आहे. त्यापूर्वीचा पुरावा आजोबा-पणजोबांच्या शाळेत सापडला, तरी तेथून आजच्या मुलीपर्यंतची साखळी वडील, काका, आत्या यांच्या शालेय नोंदींनीच जोडली जाते. अशी रजिस्टरे आता ठिकठिकाणी संगणकावर घेतली जात आहेत. हे काम चांगले झाले तर दाखला पाच मिनिटांत मिळेल. वाईट झाले तर साखळीतील कडी कायमची हरवेल.

पहिला मोह येतो तो नोंदी ‘सुधारण्याचा’. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या घराघरांतील धर्माचा रकाना बदलला. जुन्या पानांवर ‘हिंदू महार’, नंतरच्या पानांवर कोठे ‘बौद्ध’, कोठे ‘नवबौद्ध’, कोठे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. टंकलेखनाला बसलेल्या उत्साही तरुणाला वाटते, सगळीकडे ‘बौद्ध’ लिहून टाकावे. भावना समजण्यासारखी आहे. कृती मात्र घातक आहे. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, परंतु प्रमाणपत्र मिळते ते आदेशातील जातीच्या नावावरच. जो शब्द आपण मागे टाकला, तोच कागदावर पुरावा म्हणून उभा आहे. म्हणून कोष्टकात दोन रकाने ठेवावेत. एकात मूळ नोंद, शुद्धलेखनाच्या चुकांसह जशीच्या तशी. दुसऱ्यात शोधण्याच्या सोयीसाठी केलेले वर्गीकरण. पहिल्या रकान्याला कोणीही पुन्हा हात लावू नये. जन्मतारखेचेही तसेच. निजामी अमदानीतील दाखल्यांवर फसली सन असतो. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. संगणकाचा तारखेचा रकाना फसली सन ओळखत नाही, म्हणून मूळ मजकूर वेगळा जपावा लागतो.

आज ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात, त्याची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली. माहिती कोष्टकांत ठेवावी, कोष्टके परस्परांशी सामाईक क्रमांकाने जोडावीत आणि एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, हा त्या मांडणीचा व्यावहारिक गाभा आहे. आपल्याकडचे उदाहरण पाहा. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे. धर्माबादही पूर्वी बिलोली तालुक्यात होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत तालुका-जिल्हा लिहिला, तर असा बदल झाल्यावर शेकडो ओळी तपासाव्या लागतात. गावांचे वेगळे कोष्टक केले आणि विद्यार्थ्याच्या ओळीत केवळ गावाचा क्रमांक ठेवला, तर दुरुस्ती एकाच ओळीत होते. जन्मस्थळाचे मूळ शब्द अर्थातच मूळ नोंदीच्या रकान्यात राहतील.

विद्यार्थी ओळखावा कशाने? नावाने मुळीच नाही. गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल ही नावे आपल्याकडे घरोघर आहेत, आडनावेही मोजकीच. नावाला जन्मतारीख जोडून भागेल असे वाटते, पण गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने लिहिलेली ‘1 जून’ ही जन्मतारीख अर्ध्या वर्गाची असते! रजिस्टर क्रमांकही पुरेसा नाही, कारण नवे रजिस्टर सुरू करताना काही शाळांनी क्रमांक पुन्हा एकपासून घातले. खंड क्रमांक आणि अनुक्रमांक मिळून ओळख ठरवावी, किंवा संगणकाने स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि खंड-अनुक्रमांकाची जोडी दुबार येणार नाही असे बंधन कोष्टकावरच घालावे. बंधन माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडले की ते मोडतेच.

दुरुस्तीची आज्ञा देताना ‘कोणत्या ओळीत’ ही अट लिहायची राहिली, तर संपूर्ण कोष्टक बदलते. एका ठिकाणी अशा एका आज्ञेने साऱ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांचे नाव एकच झालेले मी पाहिले आहे. आधी तीच अट घालून ओळी नुसत्या पाहाव्यात, किती आल्या ते मोजावे, मगच बदल करावा. तोही व्यवहाराच्या आत. व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, ही मोठी सोय आहे. शाळा सोडल्याचा दाखला देताना विद्यार्थ्याच्या ओळीत निर्गम दिनांक आणि दाखल्यांच्या कोष्टकात दाखला क्रमांक, अशा दोन नोंदी होतात. मधेच वीज गेली तर एक झालेली आणि एक राहिलेली, असे होऊ नये. व्यवहारात बांधलेल्या नोंदी एकत्र पक्क्या होतात किंवा एकत्र मागे फिरतात.

शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याची कागदी नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बदलता येत नाही. संगणकावरही तीच शिस्त हवी. लिपिकाला नवी ओळ घालण्याचा आणि वाचण्याचा अधिकार द्यावा, पुसण्याचा देऊ नये. दुरुस्ती वेगळ्या कोष्टकात जावी: जुना मजकूर, नवा मजकूर, आदेश क्रमांक, दिनांक, करणाऱ्याचे नाव.

मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटमध्ये टंकलेली नावे पडद्यावर मराठी दिसतात, पण संगणकाला ती निरर्थक इंग्रजी अक्षरे वाटतात आणि शोधल्यावर काहीच हाती लागत नाही. एकाने वाचावे, दुसऱ्याने टंकावे, तिसऱ्याने ताडावे, ही जुनी रीत येथे फार उपयोगी पडते.

राहिली सुरक्षित प्रत. ती त्याच संगणकात ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच टांगणे. एक प्रत शाळेबाहेर असावी, आणि दर वर्षी प्रवेश सुरू होण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावर उभी करून कोणत्याही दहा ओळी कागदाशी ताडून पाहाव्यात. कागदी रजिस्टर मात्र रद्दीत घालू नये. जातीच्या दाव्याची चौकशी झाली, तर दक्षता पथक मूळ पानच पाहायला मागते.