टायरवरची शेवटची जोडी

अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेल्या पिकअपच्या टायरची बाजू एकदा वाचून पाहा. ‘१८५ आर १४ सी १०२/१००’ अशी काहीतरी उठावाची अक्षरं दिसतील. रुंदी १८५ मिलिमीटर, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंचांची, सी म्हणजे मालवाहू गाडीचा टायर.

महत्त्वाची आहे ती शेवटची जोडी. हे आकडे किलो नव्हेत, भारक्षमतेच्या तक्त्यातले क्रमांक आहेत: १०२ म्हणजे ८५० किलो, १०० म्हणजे ८००. पहिला एकट्या टायरसाठी. दुसरा शेजारी-शेजारी जोडीनं बसवलेल्यांपैकी प्रत्येकासाठी. जोडीत क्षमता कमी का? बैलजोडीतही दोघं सारखं ओढत नाहीत. उंचवटा आला, हवेत थोडा फरक पडला, की एकावरच जास्त ओझं येतं. मधल्या फटीत उष्णताही कोंडते. आणि हे ८५० किलो पेलतात ते नेमून दिलेली हवा भरलेली असेल तरच.