भोक पाडलेल्या मत्स्यटाकीला फिटिंग कोणतं?

सातारा-सांगलीत मत्स्यटाकीच्या फिटिंगसाठी लांब जावं लागत नाही. तासगावसारख्या द्राक्षपट्ट्यातल्या ठिबकच्या दुकानांत बॉल व्हॉल्व्ह, युनियन, टँक निपल असा माल असतोच. घोळ होतो तो मापांचा. शेतीचा पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने विकतात, ३२ मि.मी. म्हणजे ३२च. घरगुती एक इंची यूपीव्हीसी मात्र बाहेरून ३३.४ भरतो आणि सीपीव्हीसी २८.६. एकाचा सॉकेट दुसऱ्याला चालत नाही, सोल्युशन कितीही चोपडा!

भोक पाइपाच्या मापाचं नाही, त्यात बसणाऱ्या टँक निपलच्या आट्यांपेक्षा किंचित मोठं लागतं. म्हणून आधी निपल घ्या, तो दाखवूनच काचवाल्याकडून भोक पाडून घ्या. टफन काचेच्या वाटेला जाऊ नका, भोक पाडताना तिचा चुरा होतो. रबरी वॉशर कॉलर आणि काचेच्या मध्ये बसवा, नट हातानेच आवळा. पितळी निपल दिसतो छान, पण त्यातलं तांबं कोळंबीला आणि गोगलगाईंना घातक.

या भोकातून खालच्या टाकीत उतरणारा पाइप, पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या पाइपापेक्षा एक माप मोठाच घ्या. आणि वीज जाणारच हे धरून चाला : तेव्हा वरून उलटं येणारं पाणी मावेल एवढी जागा खालच्या टाकीत मोकळी ठेवा.