तीन पिढ्यांची सहल आणि समुद्राचे घड्याळ

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की मुंबई-पुण्याकडील कुटुंबे अलिबागच्या वाटेला लागतात. अंतर बेताचे, नारळी-पोफळीची सावली, ताजी मासळी आणि मुलांना मनसोक्त खेळायला वाळू, एवढे आकर्षण पुरेसे असते. 2020 पासून मुंबईहून मांडव्याला मोटारीसह रो-रो बोटीने जाता येऊ लागल्याने गुडघेदुखीने त्रस्त आजी-आजोबांनाही हा प्रवास सोयीचा झाला आहे. राहण्याची खोली, जेवणाची व्यवस्था, बाळाचे दूध, आजोबांच्या गोळ्या, सारे महिनाभर आधी ठरते. ठरवायची राहते ती तिथी. आणि समुद्राचे सारे वेळापत्रक तर तिथीवरच चालते.

भरती-ओहोटी ही प्रामुख्याने चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या आकर्षणामुळे होते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते. एका भरतीपासून पुढील भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याचा ओढा एकत्र पडून उधाण येते. अष्टमीच्या आसपास तो एकमेकांच्या आड येतो आणि भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते. मुंबई-अलिबागच्या परिसरात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत जाताना हा फरक बराच कमी होतो. म्हणूनच गोव्याच्या किनाऱ्याची सवय झालेले पर्यटक रायगडच्या किनाऱ्यावर फसतात.

किनाऱ्यावरील जुनी माणसे एक सोपा हिशेब सांगतात: तिथीला पाऊणने गुणावे, येणारी संख्या ही भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पहाटे किंवा सकाळी एकदा आणि दुपारी किंवा सायंकाळी पुन्हा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अर्थात तो तासाभराने चुकू शकतो; नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. मात्र सहलीचे दिवस निवडताना हा अंदाज पुरेसा ठरतो, आणि घरात तिथी ठाऊक असणारी व्यक्ती बहुधा आजीच असते. खोलीचे आरक्षण करण्यापूर्वी तिला विचारले जात नाही, एवढेच.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे उदाहरण घ्यावे. हा किल्ला पाण्यात उभा आहे. ओहोटीला तेथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीला होडीशिवाय मार्ग नसतो. अष्टमीच्या आसपास ओहोटी ऐन दुपारी बाराच्या सुमारास येते, आणि भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे मागेही हटत नाही. चार वर्षांचे मूल आणि सत्तरीतील आजोबा यांना घेऊन अशा उन्हात ओल्या, निसरड्या खडकांतून जाणे हे साहस नव्हे, तर केवळ चुकीचे नियोजन होय. याउलट द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी आठच्या सुमारास असते. पाणी पुरते उतरण्याच्या थोडे आधी निघावे, किल्ल्यातील गणपतीचे दर्शन घ्यावे, आणि पाणी वळल्याचे दिसण्यापूर्वी परतीच्या वाटेला लागावे.

परतण्याची ही घाई का, हे समजून घेणे आवश्यक आहे. भरतीचे पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढेच वाढते, आणि येथेच माणूस गाफील राहतो. तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून मात्र निम्मे पाणी चढते. चार मीटरच्या उधाणात याचा अर्थ दोन तासांत दोन मीटर. पन्नास मीटरला एक मीटर एवढा मंद उतार असलेल्या वाळूवर पाण्याची कड तेवढ्या वेळात शंभर मीटर आत येते. शिवाय ती केवळ समोरून येत नाही. किनाऱ्याकडील सखल भाग आधी भरतात आणि मागे पाहावे तो वाट बुडालेली असते. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते तरुण होते, धडधाकट होते.

दुसरा धोका फसवा आहे. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसतो आणि मुलांना घेऊन उतरण्यास तीच जागा बरी, असे पालकांना वाटते. वस्तुतः लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी अशाच पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जात असते. यालाच रिप करंट म्हणतात. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. त्यामुळे केवळ दमछाक होते. तरंगत राहून हात वर करावा, किंवा किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडून मग वळावे.

कुटुंबाच्या सहलीत सर्वांत मोठी चूक मात्र समुद्राची नसते. ‘आई, जरा बघ हं यांच्याकडे,’ असे म्हणून तरुण आई-वडील खोल पाण्यात जातात आणि नातवंडे आजीच्या भरवशावर पाण्याच्या कडेला राहतात. आजीचे लक्ष असते, माया असते. पण लाटेने पाय सुटलेल्या मुलामागे तिला धावता येत नाही. बुडणारे लहान मूल बहुधा ओरडतही नाही. तोंड पाण्याखाली जात असताना श्वासच पुरत नाही, तेथे हाक कोठून येणार? त्यामुळे हाताच्या अंतरावर उभी राहणारी एक सशक्त, पोहता येणारी व्यक्ती केवळ त्याच कामासाठी नेमावी आणि अर्ध्या तासाने पाळी बदलावी. त्या काळात मोबाइल आणि कॅमेरा दुसऱ्याकडे द्यावा.

ज्येष्ठांच्या तब्येतीचा विचारही वाळूवर वेगळा करावा लागतो. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, शरीर थंड होत नाही, आणि वृद्धांना तहान उशिरा जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी अधिकच कमी होते. शहाळे उत्तम खरे. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेही आजोबांनी अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. पायांची संवेदना मंदावलेली असल्यास तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याचा छेद जाणवतच नाही, आणि फोड दिसतो तो घरी परतल्यावर. बंद चपला घालाव्यात आणि रात्री नातवंडांची वाळू झटकताना आजोबांचे तळवेही कुणीतरी उजेडात पाहावेत.