थांबून पाहण्याची मुदत

सोलापूरच्या पूर्व भागात, जेथे घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दखनी अशा चार भाषा एकाच दिवसात मुलाच्या कानी पडतात, तेथे दोन वर्षांचे पोर अजून बोलत नाही अशी तक्रार आईने केली, की तिची समजूत घालणारी उत्तरे तयारच असतात. इतक्या भाषांनी पोर गोंधळणारच. त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता. मुलगे उशिराच बोलतात. या उत्तरांत माया भरपूर आहे, वस्तुस्थिती मात्र बेताचीच.

पैकी भाषांचा आरोप तर सर्वस्वी निराधार. न बोलण्यामागे स्वमग्नता (ऑटिझम) असली, तरी ती अनेक भाषा ऐकल्याने उद्भवत नाही. आणि द्विभाषिक घरांतील स्वमग्न मुले एकभाषिक घरांतल्या तशाच मुलांच्या मागे पडत नाहीत, असेच आजवरचे अभ्यास सांगतात. उलट कोणाच्या तरी सल्ल्यावरून घरची तेलुगू वा कन्नड बंद करून मोडक्यातोडक्या मराठीत किंवा इंग्रजीत बोलण्याची तजवीज केली, म्हणजे ज्या आजीजवळ ते मूल दिवसभर असते तिचेच तोंड बंद होते, आणि ज्याला संवादाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याचा संवाद कमी होतो.

उशिरा बोलणे आणि स्वमग्नता यांतला भेद शब्दांच्या संख्येत शोधू नये. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईजवळ बसलेले, अद्याप न बोलणारे परंतु अन्यथा निकोप मूल सुपातले पान ओढते, पळवते आणि लगेच आईच्या मुद्रेकडे पाहते; आकाशात पतंग दिसला तर बोट दाखवून तिलाही पाहायला लावते. स्वमग्नतेत हे देणेघेणे विरळ असते: कापलेली पाने असे मूल एका ओळीत मांडील, ओळ मोडली तर आकांत करील, पण हाक मारल्यावर वळणार नाही, आणि हवी ती वस्तू मिळवण्यासाठी आईचा हात धरून नेईल, तोही तिच्याकडे न पाहता. एखाद्याच खुणेवरून निदान होत नाही, आणि श्रवणाची तपासणी आधी करून घ्यावीच. परंतु बोलू लागलेले शब्द हरपले, तर एका दिवसाचीही दिरंगाई नको.

‘पाच वर्षांपर्यंत काही कळत नाही’ हा समज सर्वांत महाग पडतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारावयाची वीस प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते, आणि अनुभवी तज्ज्ञ दुसऱ्या वर्षाच्या सुमारास भरवशाचे निदान करू शकतो. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही की मेंदूचे छायाचित्र नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांची कैफियत, एवढ्यावरच सारा मामला.

निदान झाले, की ठपका आईवर येतो; ही रीत मात्र केवळ आपलीच नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर पुढची दोन दशके पाश्चात्त्य विद्वानही थंड मनाच्या आईला दोषी धरीत होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये त्या मताचे साधार खंडन केले. आज आनुवंशिक घटकांचा वाटा निर्विवाद मानला जातो. लसीमुळे स्वमग्नता होते हा संशय तर १९९८ च्या बारा मुलांवरील एका निबंधातून पसरला, जो नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत त्याला तिळमात्र आधार सापडला नाही. मोबाइलने स्वमग्नता होत नाही. पण तो तासन्‌तास हाती देणे म्हणजे बोलण्याची वेळ गमावणे, म्हणून तो कमी करावा हे योग्यच.

स्वमग्न मुलांसाठीचा वर्तनोपचार म्हणजे शिस्त लावणे, हा गैरसमज मात्र त्या उपचाराने आपल्या इतिहासामुळे काहीसा स्वतःच ओढवून घेतला आहे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांच्या प्रयोगांत मुलांना शिक्षाही दिली जाई, आणि प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी त्यावर केलेली टीका रास्त आहे. आजची पद्धत खेळातून चालते. समजा, मूल चुरमुऱ्यांच्या डब्यासमोर किंचाळते. तर किंचाळण्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले हे प्रथम टिपायचे. मग डबा त्याला दिसेल असा हाती धरून क्षणभर थांबायचे. त्याने हात पुढे करताच शब्द उच्चारून तत्काळ मूठभर द्यायचे. आणि ते जमले की पुढची लहानशी पायरी. हात फडफडवणे बळाने थांबवणे किंवा डोळ्यांत डोळे घालायला लावणे हे या कामाचे उद्दिष्ट नव्हे, आणि जेथे तेच चालते तेथून मुलाला बाहेर काढण्यास पालकांनी संकोचू नये.

हे काम मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाविना होत नाही, असे मानून हात टेकणाऱ्यांनी गोव्याचा दाखला पाहावा. संगत या संस्थेच्या सहभागाने गोव्यात आणि सोबत पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पासष्ट मुले होती. प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत जास्तीत जास्त बारा बैठका घेतल्या आणि पालकांना मुलाशी खेळतानाचे त्यांचेच चित्रण दाखवून मार्गदर्शन केले. त्या घरांतली मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. याला कोणी ‘बरे होणे’ म्हणू नये. स्वमग्नता आयुष्याची सोबती आहे. आणि स्टेमसेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांबद्दल राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्येच सांगितले आहे, की स्वमग्नतेसाठी तो उपचार शिफारसयोग्य नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याची भीतीही अनाठायी आहे. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला एकवीस प्रकारांत स्थान दिले, त्यामुळे सवलतींसाठी दाखला लागतो. उपचार सुरू करण्यासाठी मात्र त्याची वाट पाहावी लागत नाही. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी होते; त्यासाठी शुल्क नाही. दीड वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, हाकेला वळत नसेल, तर आईने पथकाची वाट न पाहता अंगणवाडी ताईंना आजच सांगावे, आणि ताईंनी त्याची नोंद करण्यात हयगय करू नये.